जावईबापूंचं डोकं, सफारीतलं धड

लग्नाच्या कमानीवर फ्लेक्सचा बॅनर लावायची टूम आमच्या आष्टीत नवीनच आली होती, आणि मी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. दोन्ही गोष्टी एकदम घडायला नको होत्या. थोरल्या भावाच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मीच पुढं होऊन म्हणालो, "बाहेर कशाला खर्चा करता? मी करतो बसल्या जागी." मास्तर माणूस बोलला म्हणून घरात कुणी अडवलं नाही. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

बॅनरचा नकाशा रिवाजानं ठरलेला. मधे नवरा-नवरी, खाली पाहुण्यांची मुंडकी रांगेनं, आणि उजवीकडं मोठे जावईबापू, अख्खे उभे, हात जोडून. जावयाचा फोटो कमी पडला तर जावई रुसतो आणि जीपमधून उतरत नाही. तो उतरला नाही की आमची थोरली पुतणीही उतरत नाही. म्हणजे सख्ख्या बहिणीच्या अक्षता तिनं मांडवात टाकायच्या की जीपच्या खिडकीतून बघायच्या, ते माझ्या माऊसवर होतं.

जावईबापूंनी दिलेला फोटो मोबाइलवर काढलेला. बनियनवर, छातीपर्यंत. पडद्यावर तिकिटाएवढा होता तोवर बिलकुल देखणा. बॅनरच्या मापाला ताणला, तसे तोंडाचे चौकोन चौकोन झाले, जशी न्हाणीघरातली फरशी. चौकोन घालवायला फोटो धूसर केला, तर जावई गुऱ्हाळाच्या वाफेत उभे. मग धार वाढवली, तर मिशीचा तारेचा ब्रश झाला. तो लपवायला रंग उजळला. अजून जरा. अजून जरा. चहा घेऊन आलेली बायको पडद्याकडं बघून म्हणाली, "कोणाचं लेकरू हे? मिशा का लावल्या त्याला?"

राहिलं धड. थोरलीच्या लग्नाचा अल्बम मी स्कॅन करून ठेवला होता. स्टुडिओचे फोटो, लखलखीत. त्यात हात जोडून उभा असलेला एक सफारीवाला सापडला. मी गळ्यापासून खालीच बघत होतो. कापला, जावयाचं डोकं बसवलं, मानेवर सावली मारली. जालन्याहून छापून आणला आणि कमानीवर चढवला.

लग्नादिवशी जीप कमानीखाली थांबली. जावईबापूंनी एक पाय खाली ठेवला, वर बघितलं आणि पाय परत आत घेतला.

"मामा, ही अंगठी कोणाची?"

जोडलेल्या हातात पोवळ्याची अंगठी होती. बॅनरवर टमाट्याएवढी. तशी अंगठी आमच्या सोयऱ्यांत एकाच माणसाची, जावईबापूंच्या थोरल्या भावाची. अल्बमच्या वेळी दोघं एका ताटात जेवत होते. नंतर शेताच्या बांधावरून कोर्टात गेल्ते, आणि केस अजून चालू होती.

आमच्या भावानं आमंत्रण दोघांनाही दिलेलं. अंगठीवाला मांडवाच्या तोंडाशी चहा पीत उभाच होता. त्यानं शांतपणे बॅनर बघितला.

"धड माझं, डोकं त्याचं," तो म्हणाला. "कोर्टाला आजवर वाटणी जमली न्हाई. मास्तरनं बराबर केली."

मांडव हसला. जावईबापूंनी जीपचं दार ओढून घेतलं. आत पुतणी पदर आवळून बसली होती. माझ्याकडं तिनं जसं बघितलं, तसं मी वर्गात कधी कुठल्या पोराकडं बघितलेलं नाही. आतून भटजी घाई करून राह्यले होते.

"माझं मुंडकं काढा तिथून," जावई काचेतून म्हणाले. "जल्दी. तेव्हा उतरतो."

मीच शिडीवर चढलो, मीच ब्लेडनं डोकं कापलं. मिशीपाशी ब्लेड जरा सावकाश फिरवलं. मेहनत होती ती माझी. कापलेलं डोकं गुंडाळी करून जावयांच्या हातात दिलं, तेव्हा ते उतरले. पुतणी पळतच आत गेली. जाताजाता म्हणाली, "काका, माझ्या पोराच्या बारशाला तुम्ही नुसतं जेवायला या."

अक्षता पडल्या. जावईबापू फेटा बांधून पुढच्या खुर्चीवर बसले, तोंड मांडवाकडं, पाठ कमानीकडं. तेवढ्यात त्यांचा भाऊ शिडीवर चढला, मागून भोकात स्वतःचं तोंड घातलं आणि फोटोवाल्याला म्हणाला, "काढ रे. आता जोड लागला."

त्या अख्ख्या बॅनरवर चौकोन न पडलेलं तोंड तेवढंच.