केवळाबाईंचं नाव कमी होता होता

शकिलाआपाला आमच्या डायलिसिस वॉर्डात कुणी बोलावत नाही. तरी ती दर सोमवारी आणि गुरुवारी औशाहून एसटीनं लातूरला येते, दाराजवळच्या बाकावर बसते आणि नव्या पेशंटची झडती घेते. कागद कुणाला दिलेत? झेरॉक्स दिली की अस्सल? पावती कुठंय? औशात तिचं बांगड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी बांगडी चढेपर्यंत हात सोडायचा नाही, ही सवय तिच्या हाडात मुरलेली. मी रिटायर कंडक्टर, फुकटात बडबड ऐकायची मला सवय नाही. तिचा नवरा मुज्तबा माझ्या शेजारच्या खाटेवर असायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तरी ही येतच राहिली. नसती उठाठेव, असं मी तिला तोंडावर म्हटलंय.

त्या गुरुवारी शेजारच्या खाटेवर केवळाबाई होत्या. औसा तालुक्यातल्याच, विधवा, मुलगा दयानंद शेती करतो. सरकारी योजनेतून उपचार फुकट, म्हणून तर आम्ही सगळे जिवंत. मशीन सुरू झालं आणि बाई खुशीत सांगू लागल्या.

“आता मला पगार चालू होणार हाय. निराधारचा.”

आपा बाकावरून उठली. “कोण म्हणालं?”

“तहसीलासमोर सल्ला केंद्र हाय न्हवं? लई चांगला माणूस. पाया पडला माझ्या. म्हणाला, मावशे, पोराच्या रेशन कार्डावर नाव असल्यावर तू निराधार कशी? नाव कमी कर, येगळं कार्ड काढू. दया गेलाय अर्ज द्यायला.”

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आपाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

“बाई, तुझा इलाज त्याच कार्डावर चालू हाय. नाव गेलं की मशीन बंद.”

“नवं येईल की.”

“कधी?”

सल्लागारानं ते सांगितलंच नव्हतं. दवाखान्यात योजनेचा आरोग्यमित्र बसतो, फुकट सांगतो. पण त्याला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पाया पडणारा माणूस जवळचा वाटतो.

आपानं केवळाबाईंकडून दयानंदचा नंबर घेतला आणि स्पीकरवर लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. सिस्टर ओरडली, “फोन बाहेर!” आपानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आमचे हात सुयांनी बांधलेले, आणि तिकडे औशात रांग पुढं सरकत होती. तिसऱ्यांदा लावल्यावर दयानंदचा आवाज आला.

“कोण बोलायलंय?”

“औशाची शकिला. तुझ्या आईजवळ हाय मी. अर्ज देऊ नको, दया.”

“तुमी कोण सांगणार? माझ्यापुढं दोघंच हायेत. सर म्हणालेच होते, लोक जळतेत, आडवे येतेत.”

“तुझ्या सरला इचार, नवं कार्ड येईस्तोवर इलाज कशावर?”

पलीकडून दुसराच आवाज आला, त्या सल्लागाराचा, एकदम गोड. “दुसऱ्या दवाखान्यात बसवू की. माझी वळख हाय. ठेव तो फोन.”

“ऐकलं का, मावशी? ठेवतो मी.”

आपानं फोन दोन्ही हातांनी धरला.

“मुज्तबाचं नाव मी कमी केलं, दया. माझ्या नवऱ्याचं. येगळ्या कार्डापायी, तहसीलाच्या त्याच खिडकीवर, माझ्या हातानं. मलाबी असंच सांगितलं व्हतं, वळख हाय म्हणून. दोन डायलिसिसला पैसे भरले, तिसऱ्याला न्हवते. अकराव्या दिवशी घरीच गेला. नवं कार्ड त्याच्या चाळिसाव्याच्या दिवशी आलं.”

मुज्तबा दुखण्यानं गेला, एवढंच मला ठाऊक होतं. दोन वर्षं मी या बाईला हसत होतो. मला माझी लाज वाटली.

“दया,” केवळाबाई ओरडल्या, “माघारी ये!”

फोनमधून कुणीतरी म्हणालं, “चला, पुढचा.” आणि फोन बंद झाला.

मग लागेचना. केवळाबाईंचं बीपी उतरलं, सिस्टर धावली, पाय वर केले. आपा फोन लावत राहिली. मी घड्याळाकडे बघत राहिलो. पाऊण तास गेला, तास गेला. अर्ज एकदा आत गेला की गेला, हे एसटीत नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

दीड वाजता दयानंद दारात उभा राहिला. घामेजलेला, हातात चुरगळलेला अर्ज.

“सर लई बोलले मला,” तो म्हणाला. “सगळ्या लोकांसमोर.”

“अस्सल कार्ड कुठंय?” आपानं विचारलं.

त्यानं खिशातून काढून दिलं. आपानं त्यावर बोट फिरवत केवळाबाईंचं नाव शोधलं, दोनदा वाचलं आणि कार्ड परत दिलं. मग बाकावर बसली आणि सगळ्यांसमोर हंबरडा फोडून रडली. मुज्तबा गेल्यावर ती पहिल्यांदा वॉर्डात आली तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं.

केवळाबाईंनी मोकळा हात तिच्याकडे लांबवला. पोचेना.

“आगं, तूच इकडं ये,” त्या म्हणाल्या. “मला उठता येईना.”