मथुराबाईंचा संशय

मथुराबाई औषधाच्या बाटलीचं बूच काढलं की आधी वास घ्यायच्या, मग एक थेंब तळहातावर चोळायच्या, आणि तरीही त्यांचं समाधान व्हायचं नाही. "बाटलीवर नाव शे, मझार काय शे कोन जाने?" म्हणायच्या. महायुद्धाच्या काळात मी नंदुरबारच्या एका दवाखान्यात नवी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा तिथल्या या जुन्या आयाबाईंनी पहिल्या दिवशी माझी नखं तपासली. दुसऱ्या दिवशीही.

लोणखेड्याच्या जमनाबाईंच्या स्तनातली गाठ डॉक्टरसाहेबांनी काढली. चौथ्या दिवशी जखमेत पू झाला, ताप चढला. साहेबांनी तेव्हा नव्यानंच आलेल्या सल्फाच्या गोळ्या सुरू केल्या आणि ताप उतरला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. मथुराबाई मात्र जमनाबाईंची लघवी मापाच्या ग्लासात ओतून बघू लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं. रोज कमी होत होती. तिसऱ्या दिवशी तळाशी जेमतेम दोन बोटं, तीही लालसर.

युद्धामुळे औषधांचा तुटवडा होता; बाजारात खडूच्या गोळ्याही खपत. मथुराबाईंनी भरल्या वऱ्हांड्यात कंपाउंडर शंकररावांना गाठलं.

"खऱ्या गोळ्या तू कोठे इक्यात?"

वीस वर्षं नोकरी केलेला तो माणूस. त्यानं कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि निघून गेला.

मग बाई ग्लास घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब वैतागले. "ताप उतरलाय ना?"

"ताप उतरना, साहेब, पन बाई सुजी ऱ्हायनी. तिनं तोंड तरी दखा."

साहेबांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग मला बघायला लावलं. सुयांसारखे लखलखणारे खडे होते. गोळ्या अस्सल होत्या. तेच औषध मूत्रपिंडात साचून वाट अडवत होतं.

गोळ्या बंद झाल्या. खायचा सोडा आणि भरपूर पाणी सुरू झालं. मथुराबाई तांब्या घेऊन खाटेशी बसल्या. "माले शिव्या दे, पन पी." दुसऱ्या दिवशी दुपारी ग्लास अर्धा भरला. बाईंनी तो उजेडात धरला आणि पदर डोळ्यांना लावला. महिन्याभरानं जमनाबाई बैलगाडीतून घरी गेल्या.

खडे दिसले त्याच संध्याकाळी मला सोबत घेऊन मथुराबाई शंकररावांच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. "भाऊ, मन्ही चूक व्हयनी."

ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "चार लोकसमोर बोलनी व्हतीस. आठे कोन ऐकी ऱ्हायनं?"

दुसऱ्या सकाळी वऱ्हांडा भरल्यावर बाईंनी मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं, शंकर निर्दोष शे, खोटी मी. निरोप त्यांच्यापर्यंत पोचला. ते परतले नाहीत. शहाद्याला नोकरी धरली. पुढे बाई औषधांवर पूर्वीइतकाच संशय घेत, पण त्या संशयात कुणा माणसाचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही.

काही वर्षांनी त्या वारल्या. दवाखाना हेच त्यांचं घर, म्हणून त्यांना वऱ्हांड्यात ठेवलं होतं. शंकरराव शहाद्याहून आले. मी आत बोलावलं. ते पायरी चढले नाहीत. उन्हात फाटकाबाहेर उभे राहिले, आणि तिरडी बाहेर आल्यावर पहिला खांदा त्यांनी दिला.