जागृती जागेवर नव्हती

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही. तुमच्यापाशी का बोलते आहे, ते मलाच नीट ठाऊक नाही.

बडोद्यातल्या एका खासगी इस्पितळात मी नर्सिंगची प्रमुख आहे. कोणती नर्स कुठे राहील, ते मी ठरवते. म्हणजे, आहेत तेवढ्यांतून. उत्तरायणाला, पतंगांच्या सणाला, आमची कॅज्युअल्टी कशी भरते, ते इथल्या माणसाला सांगायला नको. मांज्याने चिरलेले गळे, गच्चीवरून पडलेली माणसं... त्या वर्षी मी आमच्या व्यवस्थापक साहेबांकडे जादा नर्सेस मागितल्या होत्या. जादा सोडाच, सगळ्या मिळून दोघीच होत्या. मी भांडले का? थोडीशी. मग नेहमीसारखं मीच म्हणाले, "करते मॅनेज." या एका वाक्यावर आमची इस्पितळं चालतात, दुसरं काय!

दुपारी करजणचा एक माणूस आला. गच्चीवरून डोक्यावर पडलेला, पण बोलत होता. डॉक्टरांनी तपासलं आणि तिथल्या नर्सला, जागृतीला सांगितलं, स्कॅन होईपर्यंत याच्यापासून हलू नकोस, सारखं बोलतं ठेव, गुंगी येते का बघ. दुसरी नर्स एका मुलीच्या गळ्याची जखम दाबून उभी होती. तिला हात काढणं शक्यच नव्हतं.

तेवढ्यात वरून फोन आला. एका ट्रस्टींच्या सासूबाई स्पेशल रूममध्ये होत्या, त्यांची सलाईन थांबली होती. मी जागृतीला वर जायला सांगितलं.

ती म्हणाली, "मॅडम, हे पेशंट झोपाळल्यासारखे वाटतायत. मी नको जाऊ."

"जा म्हटलं ना. मी बघते इथे."

मी बघितलं का? मी दारातल्या गर्दीशी हुज्जत घालत राहिले. वर सासूबाईंनी जागृतीला चादर बदलायला लावली, केस विंचरायला लावले. खाली त्या माणसाला झोप लागली. त्याच्या बायकोला वाटलं, बरं झालं, जरा आराम पडला. तिने आपली शाल त्याच्या अंगावर घातली. जागृती परत आली तेव्हा तो हाकेला उठेना. ऑपरेशन झालं, पण तो गेला.

इथपर्यंत ती चूक होती. गर्दी होती, माणसं कमी होती, खरंच होतं. पण पुढचं?

चौकशीत मला विचारलं, जागृती जागेवर का नव्हती? ट्रस्टींचं नाव घ्यायचं म्हणजे... आणि मी तिथे असून पाहिलं नाही, हेही बाहेर आलं असतं. मी म्हणाले, "मला न सांगता गेली. नर्सेस पुरेशा होत्या." जागृती समोरच बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिची नोकरी गेली.

आता मी दर वर्षी कॅज्युअल्टीसाठी नर्सेस मागते. तावातावाने मागते, टेबलावर हात आपटते. नव्या मुली मला लढाऊ समजतात. आणि साहेब शांतपणे म्हणतात, "ताई, तुम्हीच सांगितलं होतं ना, संख्या पुरेशी होती, मुलगी जागेवर नव्हती. शिस्त बघा." वाक्य माझंच आहे. आजही तिथे दोघीच धावत असतात. एखादी रडत बाथरूममध्ये जाते, तोंड धुऊन परत येते. मी चिडते — कुणावर चिडते?

गेल्या दिवाळीच्या सुमाराला जागृती दांडिया बाजारात भेटली. आता एका दवाखान्यात केस पेपर काढते. तिनेच हाक मारली, "केम छो, मॅडम?" बरोबर मुलगी होती. तिला म्हणाली, "आ मारां मॅडम छे."

आजूबाजूला कुणी ओळखीचं नव्हतं. मला कसली घाईही नव्हती. मी मुलीला विचारलं, कितवीत आहेस? तिने सांगितलं. मग मी पुढे निघाले.