साठ वर्गणीदारांची यादी

चौतीस वर्षांच्या नोकरीतल्या कितीतरी केसेस आता नीट आठवत नाहीत. ही एक मात्र काही केल्या पुसली जात नाही. गंमत म्हणजे ती माझ्या नोकरीतली नाहीच. रिटायर होऊन अमेरिकेत मुलाकडे राहायला आल्यावर, अंगावर वर्दी नसताना मी हा तपास केला. गुन्हा दाखल झाला नाही, अटकही झाली नाही. पण तपास तो तपासच.

ईडन प्रेरीला येऊन मला तेव्हा चार वर्षं झाली होती. बायको भारतातच वारली, त्यानंतर मुलाने मला इकडे आणलं. मुलगा आणि सून सकाळी कामावर जात, नात शाळेत. संध्याकाळी नात "हाय आजोबा" म्हणे आणि जिना चढून वर जाई. जन्मभर पोलीस ठाण्याच्या दारातून आत शिरताना सलाम घेतलेल्या माणसाला दिवसच्या दिवस कुणी हाक मारत नाही, याची सवय व्हायला वेळ लागतो. मला ती अजून झालेली नाही.

आठवड्यातला एक तास तेवढा माझा असे. रविवारी सकाळी दहाला इथल्या सार्वजनिक रेडिओवर मराठी कार्यक्रम लागे. या स्टेशनवर जाहिराती नाहीत. श्रोत्यांची वर्गणी आणि थोडी सरकारी मदत, यावर ते चालतं. आमचा कार्यक्रम एक पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाई एकट्या करत. सगळे त्यांना मावशी म्हणत. पुढे सरकारी मदत आटली आणि स्टेशनने नियम केला, की ज्या भाषेचे निदान साठ वर्गणीदार असतील तिचाच तास राहील. मावशी दर रविवारी तो नियम सांगत आणि वर्षातून एकदा वर्गणीदारांची नावं वाचून त्यांचे आभार मानत. वर्गणीचा विषय निघाला, की मी आवाज बारीक करून चहा टाकायला उठत असे.

खबर आली ती दूर दुसऱ्या राज्यातल्या अ‍ॅशबर्नहून. माझ्या एका जुन्या मित्राच्या मुलीचा फोन होता. थंडीत बाहेर चालता येत नाही, म्हणून तो आणि मी मॉलमध्ये फेऱ्या मारत असू. जाऊन दोन वर्षं झाली होती त्याला.

"काका, मी तुमच्याकडचा मराठी प्रोग्रॅम ऑनलाइन ऐकते," ती म्हणाली. "बाबा ऐकायचे ना, म्हणून. काल मावशींनी या वर्षीच्या डोनर्सची नावं वाचली, त्यात बाबांचं नाव होतं! पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट. कोणी त्यांची आयडेंटिटी यूज करतंय का? बँकेत चेक केलं, अकाउंट क्लोज्डच आहे. तुम्ही पोलिसात होतात ना, तुम्ही जरा बघाल?"

खरं सांगतो, मित्राच्या नावाचा गैरवापर झालाय हे ऐकून राग यायला हवा होता. मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला, नवी वही घेतली आणि मुलाला म्हटलं, मला रेडिओ स्टेशनवर सोड.

"बाबा, काय काम आहे तिथे?"

"चौकशी आहे," मी म्हणालो. किती दिवसांनी तो शब्द तोंडात आला होता!

स्टेशनच्या भिंतीवरच पाटी होती, की हे स्टेशन लोकांच्या पैशावर चालतं आणि त्याचे कागद कुणीही पाहू शकतो. मॅनेजर एक अमेरिकन बाई होती. तिने सहज विचारलं, "तुम्ही आमचे सभासद आहात का?"

"मी श्रोता आहे," मी ठणकावून सांगितलं. ती हसली आणि मराठी कार्यक्रमाची फाइल माझ्यापुढे ठेवून गेली.

फाइलमध्ये वर्गणीचे साठ फॉर्म होते. एक जास्त नाही, एक कमी नाही. नोकरीत शिकलो होतो, की आकडा नेमका जुळला तर दोनदा बघावं. तेवीस फॉर्मांवर नाव आणि आडनाव एवढंच होतं. इथे आलं की आपली माणसं वडिलांचं नाव गाळतात, तसं. उरलेल्या सदतीस फॉर्मांवर मात्र पूर्ण नाव होतं, स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. पंचनाम्यात लिहितो तसं. त्या सदतीस जणांची वर्गणी मनी ऑर्डरने आली होती. इथे ती किराणा दुकानाच्या काउंटरवर मिळते. मनी ऑर्डरींच्या प्रती जोडलेल्या होत्या. मी नंबर उतरवून घेतले, तर बहुतेक लागोपाठचे निघाले. म्हणजे विकत घेणारा माणूस एकच.

घरी येऊन चार दिवस फोन केले. सदतीसपैकी बरेच जण वारले होते. काही कायमचे भारतात परतले होते. दोघं-तिघं वृद्धाश्रमात होते आणि त्यांना स्वतःचं नावही आठवत नव्हतं. मी पुरता चक्रावलो. अफरातफरीत पैसा कमी भरतो आणि मग आपण चोर शोधतो. इथे मुद्देमाल जागच्या जागी होता, उलट जास्तच होता. मग वाटलं, या सगळ्यांच्या वडिलांची नावं ठाऊक असलेलं माणूस गावात दुसरं कोण असणार?

मी मावशींच्या घरी गेलो. एका खोलीचं अपार्टमेंट होतं, भिंतीला कॅसेटची कपाटं. ओळख करून देताना मी म्हणालो, "ताई, मी तुमचा कार्यक्रम दर रविवारी ऐकतो. एकही चुकवत नाही."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "हो का? बरं वाटलं ऐकून," म्हणाल्या आणि चहा करायला वळल्या. चेहरा पडला होता. मी मनात नोंद केली, की बाई घाबरली.

चौकशीचा माझा एक नियम होता. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. माणसाला शांतता सोसत नाही, ते बोलू लागतं. मी नंबरांचा कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ताई, हे काय आहे?" मग गप्प बसलो. पण या बाईंना शांततेची माझ्यापेक्षा जास्त सवय होती. त्यांचा चहा संपला, कप विसळून झाला, तरी बोलेनात. शेवटी मीच म्हणालो, "माझ्या मित्राच्या मुलीने तुमच्या तोंडून वडिलांचं नाव ऐकलं. झोप उडाली आहे तिची."

तेव्हा त्या खाली बसल्या.

"माझी पेन्शन आहे, साहेब. त्यातून भरले. कुणाची दमडी घेतली नाही."

"पण गेलेल्यांची नावं कशाला?"

"खोटं नाव सुचेना. ही माणसं खरी होती. वर्षानुवर्षं त्यांनी वर्गणी भरली. मी यादी वाचते तेव्हा स्टुडिओत कुणी नसतं. काचेपलीकडची खुर्चीही रिकामी असते. पण तेवढा वेळ वाटतं, सगळे बसलेत."

"तुमच्या यजमानांचं नाव त्यात दिसलं नाही."

"ते कधी ऐकायचेच नाहीत," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही हसलो. मग त्यांचा आवाज बदलला. "गणपतीला गेलं की दोनशे माणसं भेटतात. मावशी, आम्ही ऐकतो हं, एकही चुकवत नाही! सगळे हेच म्हणतात. वर्गणीदार किती, तर तेवीस. तीस वर्षांचा कार्यक्रम मी बंद होऊ द्यायचा?"

मला त्यांची दया आली आणि रागही आला. मॅनेजरने सांगितलं होतं, की सोमाली लोकांचा अर्ज दीड वर्ष पडून आहे. त्यांच्याकडे सत्तर खरे वर्गणीदार होते, फक्त तास रिकामा नव्हता. ते मी सांगितलं.

"माहीत आहे मला," मावशी म्हणाल्या. "लिहून देते." मी न मागता त्यांनी जबाब लिहून दिला. अक्षर शाळेतल्या बाईंचं असतं तसं होतं.

जबाब मी मॅनेजरकडे नेऊन दिला, पण तिने पोलिसांना कळवलं नाही. तिने एवढंच सांगितलं, की खरी यादी प्रसारणात वाचा, पैसे देणाऱ्यांना तेवढं कळलंच पाहिजे. त्या रविवारी मी चहाला उठलो नाही. आवाज मोठा ठेवला. मावशींनी आपलं काय चुकलं ते चार वाक्यांत सांगितलं, मित्राच्या मुलीची नाव न घेता माफी मागितली आणि तेवीस नावं वाचली. मिनिटभरात यादी संपली.

आणि मला त्यांचा त्या दिवशीचा पडलेला चेहरा कळला. ती यादी त्यांना पाठ होती. 'एकही चुकवत नाही' असं मी म्हणालो तेव्हाच त्यांना माहीत होतं, की माझं नाव तिच्यात नाही. मी टेबलावर कागद ठेवून जाब विचारत होतो, आणि त्या बाई मला चहा देत होत्या, एका शब्दाने न बोलता. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नाही.

सगळी नोकरी मी घेणाऱ्याच्या मागावर घालवली. न देणाऱ्यावर कलम नसतं, म्हणून त्याच्याकडे कधी पाहिलं नाही. तो आरशात होता.

कार्यक्रम त्या महिन्यात बंद झाला. मावशी सनीव्हेलला मुलीकडे गेल्या. सणावाराला फोन होतो, रेडिओचा विषय आम्ही काढत नाही. रविवारी दहाला आता सोमाली कार्यक्रम लागतो. मी त्याचा वर्गणीदार आहे. एक शब्द कळत नाही, तरी ऐकतो. फॉर्मवर मी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. त्यांच्यातही वडिलांचं नाव लावतात म्हणे, म्हणून वर्गणीदारांची यादी वाचताना निवेदक ते गाळत नाही, सावकाश वाचतो. वर्षातून तेवढं एकदा या घरात कुणीतरी मला माझ्या नावाने हाक मारतं.