जुन्या मशीनचा हक्क

"काका, उद्या तुमचा तो कटर स्टॉलवर ठेवू नका," जोशी मॅडम फोनवर म्हणाल्या.

सुरतच्या मशिनरी प्रदर्शनात माझा स्टॉल बुक झाला होता. सामान टेम्पोत चढलं होतं. मॅडम वापीत पेटंट एजंट आहेत. म्हणजे कुणी नवी वस्तू शोधली, तर तिच्या हक्कासाठी सरकारकडे अर्ज करून देतात. माझी बायको सिल्वासात शिक्षिका. तिच्या ओळखीतून मॅडमचा नंबर मिळाला, म्हणून सहज विचारायला फोन केला होता.

"का नाही ठेवायचा?"

"लोकांनी एकदा पाहिलं की ते नवीन राहत नाही. मग पेटंट अडकतं. आधी अर्ज, मग प्रदर्शन."

मी वैतागलो. पण मॅडम दुपारीच सिल्वासातल्या आमली भागातल्या माझ्या वर्कशॉपवर आल्या.

मी मूळचा शहाद्याचा. इथल्या यार्न म्हणजे धाग्याच्या कंपनीत बरीच वर्षं मेंटेनन्सला होतो, नंतर स्वतःचं रिपेअरिंग सुरू केलं. यार्नच्या मशीनवर धागा तुटला की तो रोलरवर गुंडाळत जातो. आम्ही त्याला लपेटा म्हणतो. ऑपरेटर तो ब्लेडने कापून काढतो. रोलरला चरे पडतात, घाईत बोटही कापतं. नव्या मशीनला यासाठी महागडा सेन्सर असतो, जुन्याला काहीच नाही. मी बिनविजेचा कटर बनवला होता. धाग्याचा ताण गेला की ब्लेड लावलेली पट्टी खाली पडते आणि रोलरच्या आधीच धागा कापते.

मॅडमनी तो हाताने पुन्हापुन्हा चालवून पाहिला. "ब्लेड बाजारातलं, स्प्रिंग बाजारातली. मग यात तुमचं काय?"

मला राग आला, पण विचार करावा लागला. "पट्टीचा हा बाक. सरळ पट्टी मशीनच्या थरथरीनेच पडते."

"मग हेच लिहायचं."

संध्याकाळी प्रोव्हिजनल अर्ज ऑनलाइन गेला. हा पहिला, कच्चा अर्ज. तारीख आपली होते, आणि पक्का अर्ज करायला वर्षभर मिळतं. फीचं विचारलं, तर म्हणाल्या, "आधी प्रदर्शन होऊ द्या."

स्टॉलवर सुरतचे एक मशीन बनवणारे शेठ बराच वेळ उभे राहिले. पुढे पक्का अर्ज गेल्यावर त्यांनी ऑफिसात बोलावलं. मी मॅडमना सोबत नेलं.

"पाटीलभाई, एक्सक्लुझिव्ह दे दो. हर मशीन पे रॉयल्टी."

रॉयल्टी म्हणजे आपली वस्तू वापरल्याबद्दल दर नगामागे मिळणारी रक्कम. एक्सक्लुझिव्ह म्हणजे ती वस्तू फक्त त्यांनीच बनवायची. दुसऱ्या कुणी नाही, मीही नाही. मला तर तिथेच सही करावीशी वाटली.

मॅडमनी विचारलं, "शेठ, जुन्या मशीनसाठी कटर बनवणार का?"

शेठ सरळ माणूस. म्हणाले, "बहन, पुराना चलता रहा तो मेरा नया कौन लेगा?"

आमचे सगळे ऑपरेटर जुन्याच मशीनवर होते. ज्यांच्यासाठी कटर केला, त्यांनाच तो मिळाला नसता.

"मग नव्या मशीनचा हक्क तुमचा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "जुन्या मशीनचा काकांकडे राहील. आणि तुम्ही कटर बनवा की बनवू नका, दरवर्षी ठरलेली कमीत कमी रॉयल्टी द्यायची."

शेठ उठून खिडकीशी गेले. मला वाटलं, झालं, गेलं हातातून. मी मॅडमना हळूच म्हणालो, "थोडं सोडून द्यायचं का?" त्यांनी मान हलवली. नाही.

शेठ वळले. "मॅडम, मेरे यहाँ नौकरी करोगी?"

"आधी करार होऊ द्या."

शेठ हसले. करार झाला.

पुढे पेटंटही मिळालं. शेठच्या नव्या मशीनवर माझा कटर बसतो, त्याची रॉयल्टी येते. जुन्या मशीनसाठीचे किट मी सिल्वासाजवळ अथालच्या शेडमध्ये बनवतो. पहिले किट माझ्या जुन्या कंपनीनेच घेतले. ते बसवायला गेलो, तेव्हा माझ्यासोबत काम केलेली एक ऑपरेटर म्हणाली, "पाटीलभाऊ, आता ब्लेड घरी भाजी चिरायला नेऊ का?" त्या दिवशी तिथूनच मॅडमना फोन लावला. आभार नीट मानता आले नाहीत, नुसताच मशीनचा आवाज ऐकवला.

आता कुणी नवीन काही बनवून मला दाखवायला आणलं, तर मी त्याला आधी ते झाकायला सांगतो आणि मॅडमचा नंबर देतो.