मंडईच्या दिवशी उशिरा आलेला फोन

आमच्या सिहोऱ्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि त्या गर्दीतच सोयरिकी जुळतात. पाहुणे तसेही आलेले असतात. माझ्या मुलीचं पाहणंही मंडईच्याच रविवारी ठरलं. मुलाचे आईवडील गोसीखुर्दकडून आले होते. मुलगा जर्मनीत नोकरीला. तो तिथल्या दुपारी बारा वाजता वडिलांच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल करणार, दोघं एकमेकांशी बोलणार आणि लगेच होय की नाही ते सांगणार.

"तिथले बारा म्हणजे आपले साडेतीन," असं मी आठवडाभर घरात जाहीर करत होतो. माझी स्वतःची धाव नागपूरपर्यंत. पण जर्मनीचा हा फरक जणू मीच ठरवून दिला होता, अशा थाटात.

साडेतीन वाजले. फोन आला नाही.

थोडं थांबून मुलाच्या वडिलांनी लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. चारला पुन्हा तेच. चहावर साय धरली. आतल्या खोलीत साडी नेसून बसलेल्या मुलीच्या बांगड्यांचा आवाजही थांबला. मी धानावर बोललो, ढगांवर बोललो, मग पुन्हा धानावर.

तेवढ्यात माझा साळा माझ्या कानाशी लागला. कुजबुजणं देवानं त्याला दिलेलंच नाही. "भाऊजी, पोट्ट्याचं तिकडं दुसरंच काही असंल. नाहीतर फोन काहून उचलत नाही?"

सगळ्यांनी ऐकलं. मुलाचे वडील उठले. "चल वो," ते बायकोला म्हणाले, "आपुन मंडई पाहाले आलो होतो, असं समजू."

साळ्याला गप्प करायचं सोडून मी पाहुण्यांपुढे पानाचं ताट धरलं आणि "बसा हो, बसा" म्हणत राहिलो. ते गर्दीत शिरले. बायको माझ्याकडे वळली. "पाहुणे उठून गेले, हे साऱ्या मंडईनं पाहिलं. आता पोरीले कोण विचारन?"

मी हातातलं पानाचं ताट खाली ठेवलं.

आणि मग साडेचारच्या सुमारास गर्दीतून मुलाचे आईवडील परत येताना दिसले, वडिलांनी मोबाईल डोक्याच्या वर धरलेला. त्यात मुलाचा चेहरा, आडवा.

"बरोबर बारालेच तर लावला, बाबा!" तो कळवळून सांगत होता. "आज पहाटे इकडं घड्याळ एक तास मागं घेतलं. मोबाईल आपोआप बदलते, माह्या ध्यानातच नाही आलं. अन् तुमी लावला तवा मी खाली कपडे धुवाले गेलो होतो, फोन वर खोलीत."

"घड्याळ कायले मागंपुढं करतेत?" माझ्या बायकोनं विचारलं.

"उन्हाळ्यात इकडं लय लवकर उजाडते, लोक झोपूनच राहतेत. म्हणून घड्याळ एक तास पुढं करतेत; मग कामावरून सुटल्यावर जास्त उजेड मिळते. आता हिवाळा आला, तर पुन्हा जागेवर."

"आमच्याकडं उन्हाळ्यात सकाळची शाळा करतेत. घड्याळाले कोणी हात नाही लावत."

मुलाचे वडील हसले. मुलाची आई हसली नाही. "घड्याळाचं समजलं, बाई. पण तुमचे भाऊ बोलले, त्याचं काय?"

साळ्याला तेवढ्यात दंडारीच्या नाटकाचं स्टेज पाहायला जायचं आठवलं. मी हात जोडले. "चुकलं आमचं."

मुलाची आई मोबाईल घेऊन आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तो मुलीच्या हातात दिला. "तुनंही सारं आयकलं असंल, बाई. आता तूच पाहून ठरव."

दार लागलं. बाहेर आम्ही चौघं चार दिशांना पाहत बसलो. आतून आधी मुलाचाच आवाज येत होता, मग मुलीचा, पण शब्द कळेनात.

दार उघडलं तेव्हा मुलीचा चेहरा गंभीर होता. तिनं मोबाईल परत दिला.

"मार्चात पुन्हा बदलते म्हणे घड्याळ," ती म्हणाली. "तवा आदल्या दिवशीच मले सांगजो, असं बजावलं त्याले."

मार्चात साडेतीन की साडेचार, हे मी बोटांवर मोजायला लागलो. मान वर केली तोवर मुलाच्या आईनं तिला जवळ घेतलं होतं.