टॉकीजचा ओटा आणि वेणूबाई

वेणूबाई लोखंडे यांच्याशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली, हे या गौरवग्रंथात लिहायला मला मुळीच संकोच वाटत नाही. आष्टीच्या टॉकीजमध्ये मी तिकीट खिडकीवर नव्याने लागलो होतो आणि वेणूबाई बायकांच्या दारावर डोअरकीपर होत्या. मालकांचे जावई मित्रांना घेऊन आले, बायकांकडे खुर्च्या रिकाम्या दिसल्या म्हणून तिकडेच निघाले. वेणूबाई दारात आडव्या झाल्या. मी मध्यस्थीला गेलो, तर माझ्यावरच कडाडल्या, "तुमी खिडकी सांभाळा जी! हे दार माह्यं हाय." जावईबापू पुरुषांच्या बाकावर जाऊन बसले आणि मीही खिडकीत परतलो.

बाजाराच्या दिवशी आमचा दुपारचा खेळ घड्याळावर सुरू होत नसे. भाजी विकायला आलेल्या बाया माल संपवून, रिकाम्या टोपल्या टॉकीजच्या ओट्यावर ठेवून आत बसल्या, की वेणूबाई ऑपरेटरला हात दाखवत आणि मगच दिवे जात. मालकांना ही रीत मान्य होती, कारण त्या दिवशी टॉकीज भरायची ती या बायांमुळेच. जंगलाकडच्या गोंड बाया कडेवर लेकरं घेऊन येत. त्यांची बोली वेणूबाईंनी कामापुरती शिकून घेतली होती. रडणारे लेकरू कोणाचे, हे अंधारात ओरडून विचारण्याइतकी.

पुढे नवे मॅनेजर आले. त्यांना ही रीत म्हणजे गावंढळपणा वाटला. त्यांनी एका बाजाराच्या दिवशी घंटा देऊन खेळ सुरू करायला लावला. बाया अजून रस्त्यातच होत्या. वेणूबाई सरळ पडद्यापुढच्या चौथऱ्यावर चढल्या आणि उभ्या राहिल्या. नायकाचे अर्धे तोंड पडद्यावर, अर्धे यांच्या लुगड्यावर! शिट्ट्या वाजल्या, शिव्याही आल्या. वेणूबाई म्हणाल्या, "बाया येऊन राह्यल्या. त्याइनं काऊन मधातून पाहावं? पह्यल्यापासून लावा." पुरुषांमधूनच कोणीतरी हसून म्हणाले, "लाव रे बाप्पा, हे काई हटत नाई!" रीळ पुन्हा गुंडाळले गेले. त्यानंतर मॅनेजरांनी घंटेला हात लावला नाही.

टॉकीज बंद पडली तेव्हा मी घरी बसलो. वेणूबाई त्याच ओट्यावर भाजी घेऊन बसू लागल्या होत्या. त्यांच्याकडून आमच्या घरी टोपली यायची. बायकोने "कशाला हो?" म्हटले, की त्या म्हणायच्या, "उरली होती वो. फेकून देऊ का?" वांगी त्याच सकाळी तोडलेली असायची, हे आम्हा दोघांनाही दिसत होते. मला काम लागेपर्यंत त्यांची भाजी अशीच रोज "उरत" राहिली.

आता जे लिहायचे आहे, ते गोड शब्दांत लिहिता येणार नाही. टॉकीज पाडण्याआधी जागेच्या नव्या मालकांनी भर सभेत शब्द दिला होता, की इमारतीपुढे भाजीवाल्या बायांसाठी ओटा बांधून देऊ. टाळ्या पडल्या, हार पडले. आज तिथे चकचकीत संकुल आहे. ओट्याच्या जागी मोटारी उभ्या राहतात. वॉचमन टोपल्या पायाने सरकवतो आणि बाया नालीच्या काठाला, भर उन्हात बसतात. विचारायला गेले, की "बघू", "नकाशात बसत नाही". मोटारी बसतात, बाया बसत नाहीत? आणि चार दगड रचायला असा कोणता नकाशा लागतो हो? ज्यांच्या जिवावर ही टॉकीज चालली, त्यांना बसायला हातभर सावली नसावी, याची लाज कोणालाच कशी वाटत नाही!

आणि धन्य आमची गौरव समिती! वेणूबाईंच्या पंचाहत्तरीचा सत्कार तिने त्याच संकुलाच्या वरच्या सभागृहात ठेवला, प्रमुख पाहुणे म्हणून त्याच मालकांना बोलावले. बैठकीत मी आवाज चढवला, तर "वातावरण बिघडवू नका" असे मलाच ऐकवले गेले. मग वेणूबाई स्वतः बैठकीला आल्या. पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी वर येणार नाई. मले शाल नोको, बायाइले ओटा द्या. सत्कार करायचाच असन तं खाली करा, जिथं बाया बसतेत तिथं. साहेबाले बसाले मी पोतं देतो." समितीने 'विचार करू' म्हटले आहे. हा ग्रंथ छापायला जाईपर्यंत तो विचार चालूच आहे. त्यांनी खुशाल चालू ठेवावा. मी सत्काराच्या दिवशी खाली, नालीच्या काठाला वेणूबाईंच्या शेजारी बसलेला असेन, आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाने तिथेच यावे, ही हात जोडून विनंती.

वेणूबाई, तुम्हाला ठणठणीत प्रकृतीचे भरपूर आयुष्य मिळो. ज्यांनी भर सभेत शब्द दिला, त्यांनाही तितकेच मिळो. ओटा बांधायला वेळच मिळाला नाही, असे म्हणायची सोय त्यांना राहू नये.